वस्तीतल्या कुटुंबांसाठीचे उपक्रम: मूल्यमापनात गळालेली घरे कुठे मोजायची?

कुर्ला_पश्चिम (धागाकर्ती)

कुर्ला आणि गोवंडी भागांत काम करणाऱ्या एका लहान संस्थेची मी विश्वस्त आहे. संस्थेच्या बालवाड्या आहेत, त्यांच्या जोडीला गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी भेटी देण्याचे काम चालते, आणि आठवड्यातून दोन दिवस कौटुंबिक समुपदेशन केंद्र उघडे असते. एक कंपनी सामाजिक दायित्व निधीतून आम्हाला काही वर्षे मदत करते आहे. आता तिने बाहेरच्या तज्ज्ञांकडून या कामाचे मूल्यमापन करून घ्यायचे ठरवले आहे. मूल्यमापनाला माझा विरोध मुळीच नाही. दुसऱ्यांच्या पैशांवर आणि दुसऱ्यांच्या मुलांवर चालणाऱ्या कामाची तपासणी व्हायलाच हवी.

माझा प्रश्न त्याच्या पद्धतीबद्दल आहे. तज्ज्ञांनी पाठवलेल्या आराखड्यानुसार ज्या मुलांची दोन वर्षे सलग नोंद आहे अशा मुलांची वजन-उंची घेतली जाईल, त्यांच्या आयांच्या मुलाखती होतील आणि ते आकडे नोंदणीच्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहिले जातील. हे वाचल्यावर मी एका बालवाडीचे जुने हजेरीपट काढून बसले. पटाच्या उजव्या कडेला ‘शेरा’ नावाचा अरुंद रकाना असतो. नावावर लाल रेघ ओढून आमच्या सेविकांनी त्यात लिहिलेले शेरे असे आहेत: ‘गावी गेले’, ‘खोली सोडली’, ‘भाडे वाढले, टिटवाळ्यास’, ‘आईला काम लागले, मोठी बहीण सांभाळते’, ‘वडील घरी नाहीत, येत नाही’. लाल रेघ ओढलेले एकही मूल या मूल्यमापनात येणार नाही. ज्यांचे भाडे थकले नाही, ज्यांचा बाप घरात आहे आणि ज्यांची आई मुलाला वेळेवर आणून सोडू शकते, त्यांचीच मोजणी होईल आणि तिलाच आमच्या कामाचे फलित म्हटले जाईल. आम्ही ज्या घरांसाठी हे काम सुरू केले ती बहुतांशी लाल रेघेखालची घरे आहेत.

मला असे ठामपणे वाटते की मुंबईसारख्या शहरात, जिथे 2011च्या जनगणनेप्रमाणे चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडवस्त्यांत राहतात आणि त्यांतले अनेक जण भाड्याच्या खोल्यांत आहेत, तिथे सोडून गेलेल्या कुटुंबांचा शोध घेतल्याशिवाय केलेले कोणतेही मूल्यमापन अपुरे आहे. हे प्रत्यक्षात कसे करता येते, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे अशी विनंती आहे.

नमुनापाहणी

ताई, तुम्ही मांडलेली अडचण सर्वेक्षणाच्या कामातली सर्वांत जुनी अडचण आहे आणि तिच्याकडे सर्वांत सोयीस्करपणे दुर्लक्ष केले जाते. मात्र गळतीकडे वळण्याआधी या आराखड्यातला आणखी एक दोष सांगायला हवा. त्यात तुलनेसाठी दुसरी वस्तीच नाही. मूल वाढत्या वयाचे असल्यामुळे त्याचे वजन बालवाडी असो वा नसो, वाढतेच. म्हणून वजन किती वाढले, हा प्रश्न निरर्थक ठरतो. वय आणि लिंग लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006च्या वाढ-मानकांच्या तुलनेत मूल कुठे होते आणि कुठे आले, हे पाहावे लागते. त्यातही कुपोषित म्हणून निवडलेल्या मुलांपैकी काही जण निवडीच्या दिवशी नुकतेच तापातून किंवा जुलाबातून उठलेले असतात आणि पुढच्या मोजणीपर्यंत आपोआप सावरतात. त्या सावरण्याचे श्रेय उपक्रमाच्या खात्यावर जमा होते. पहिली मोजणी पावसाळ्यात आणि दुसरी हिवाळ्यात झाली, तर ऋतुमानाचा फरकही त्याच खात्यावर जातो.

तुलनेची वस्ती असली म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. झारखंड आणि ओडिशाच्या ग्रामीण भागात महिलांचे गट बांधून, त्यांच्याकडूनच बाळंतपणातल्या अडचणींवर उपाय शोधून घेण्याचा प्रयोग झाला आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे 2010मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीचे काम ‘स्नेहा’ या संस्थेने मुंबईच्या वस्त्यांमध्ये केले. 48 वस्ती-समूह घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतले 24 निवडून तिथे गट चालवले आणि उरलेल्या 24 समूहांत नुसती नोंद ठेवली. 2012मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा बाळंतपणातली काळजी आणि नवजात बालकांचे जगणे-वाचणे या दोन्ही बाबतींत गट चालवल्याचा ठोस फायदा दिसला नव्हता. गटांमध्ये आलेल्या बायकांना तुम्ही विचारले असते तर त्यांनी मनापासून चांगलेच सांगितले असते, आणि फक्त त्यांच्याच मुलाखती छापल्या असत्या तर तो उपक्रम यशस्वी म्हणून इतर शहरांत गेला असता. संस्थेने न लागू पडलेला निष्कर्ष जसाच्या तसा जगासमोर ठेवला, याबद्दल मला त्या मंडळींविषयी फार आदर वाटतो.

गावात जे लागू पडले ते इथे का पडले नाही, याची माझ्या मते दोन कारणे आहेत. मुंबईतल्या बहुतेक बाळंतिणी आधीच रुग्णालयात पोहोचतात. अडचण दाराच्या आत, मिळणाऱ्या सेवेच्या दर्जात आहे. शिवाय गावातला गट वर्षानुवर्षे तोच राहतो, तर आपल्याकडे वस्तीतली माणसेच बदलत राहतात. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

रोजवही

मी धारावीत अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली, त्यांत धारावी होती. त्यामुळे वजन, पट आणि शेरे यांच्याशी आमचा संबंध फार जुना आहे.

कुर्ल्याच्या ताईंनी शेऱ्याच्या रकान्याबद्दल लिहिले ते वाचून बरे वाटले, कारण तो रकाना कोणी वाचत नाही. मात्र त्यातला ‘गावी गेले’ हा शेरा तपासून घेतल्याशिवाय खरा मानू नये. सेविकेच्या मागे इतकी कामे असतात की सलग काही दिवस न आलेल्या मुलापुढे ती हाच शेरा लिहून मोकळी होते. प्रत्यक्षात कोणी खरोखर गावी गेलेले असते आणि शाळा उघडताना परत येते. कोणी त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला स्वस्त खोलीत गेलेले असते. कोणी घरी आजारी पडलेले असते. या तिघांचा अर्थ वेगवेगळा आहे, पण पटावर ते एकच दिसतात.

माहेरपणाचे तर विचारूच नका. पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी जातात, ते माहेर रत्नागिरीला असो, लातूरला असो की बिहारमध्ये. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत आमच्याकडे तिची नोंद व्यवस्थित असते. त्यानंतर बाळ तीन-चार महिन्यांचे होऊन ती परत येते तेव्हा पहिल्या आठवड्यांत काय झाले, दूध कधी पाजले, वजन किती होते, हे तिच्या आठवणीवर आणि तिकडच्या कार्डावर अवलंबून राहते. तुमच्या घरभेटींचे मूल्यमापन करणाऱ्यांना हे माहीत नसेल, तर ते अशा सगळ्या आयांना ‘भेटी अपूर्ण’ या सदरात टाकतील.

मोजमापाबद्दलही लिहिते, कारण बाहेरून येणारी मुले-मुली एका दिवसाच्या प्रशिक्षणावर फिता घेऊन येतात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून घ्यायची असते आणि दोन वर्षांवरच्याची उंची उभे करून. दोन्हींत साधारण पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो. आडवे घेताना एकीने डोके फळीला टेकवून धरायचे आणि दुसरीने गुडघे सरळ दाबून तळवे पट्टीला लावायचे, असे दोघींचे काम आहे. मूल रडून पाय आखडते, आई म्हणते पुरे झाले, आणि एकटी असलेली पाहणी करणारी मुलगी अंदाजाने आकडा लिहून निघून जाते. दंडघेराच्या फितीवरही तसेच होते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली मूल तीव्र कुपोषित धरले जाते, आणि फीत जराशी आवळली किंवा सैल पडली की मूल या बाजूचे त्या बाजूला जाते. मोजणाऱ्यांचेच मोजमाप आधी तपासा. एकाच मुलाची उंची दोघींकडून वेगवेगळी घ्यायला लावा आणि आकडे ताडून पाहा.

सीएसआर_विभाग

खर्चाच्या आणि नियमांच्या बाजूने थोडे लिहितो. कंपनी कायदा 2013च्या कलम 135खालील नियमांत जानेवारी 2021मध्ये बदल झाला. त्यानुसार ज्या कंपनीची या कलमाखालची सरासरी वार्षिक रक्कम मागील तीन आर्थिक वर्षांत 10 कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिने 1 कोटी किंवा त्याहून अधिक खर्चाच्या आणि पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेल्या प्रकल्पांचे मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घेणे बंधनकारक आहे. त्यावर करायच्या खर्चालाही मर्यादा आहे. ती सप्टेंबर 2022मध्ये बदलून त्या वर्षीच्या एकूण सामाजिक दायित्व खर्चाच्या 2 टक्के किंवा 50 लाख रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी केली गेली.

वर्णनावरून तुमचा प्रकल्प अजून चालू दिसतो आणि कदाचित 1 कोटीच्या आतलाही असेल. तसे असेल तर हे मूल्यमापन कंपनीने स्वेच्छेने हाती घेतले आहे आणि त्याचा आराखडा बोलून बदलता येईल. अनेक संस्थांना वाटते की कंपनीकडून आलेला तक्ता म्हणजे कायद्याचाच तक्ता. ते खरे नाही. नियमांत मूल्यमापन करा असे म्हटले आहे. कोणत्या पद्धतीने करा, हे त्यांत लिहिलेले नाही. तुम्ही लेखी मागणी करा. आमच्यासारख्या विभागांत काम करणाऱ्यांना वरिष्ठांसमोर ठेवायला तुमचे एक पत्र हाती असले की पुष्कळ सोपे जाते.

मानखुर्दकर

मी रेल्वेच्या कडेच्या झोपडीत वाढलो आणि रुळांच्या कामासाठी आमची वस्ती हलवली गेली तेव्हा मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतीत आलो. पाहणीची माणसे आमच्याकडे सतत येतात. कोणी क्षयरोगाचे विचारते, कोणी शौचालयाचे, कोणी बचत गटाचे. प्रश्न विचारणारे दुपारी येतात, तेव्हा कामावर जाणारे घरी नसतात. किंवा पाणी सुटायच्या वेळी येतात, तेव्हा घरात असलेली बाई उंबऱ्यात उभी राहून हो-नाही करते आणि हंड्याकडे धावते. त्या हो-नाहीची पुढे टक्केवारी होते. निघालेला निष्कर्ष सांगायला परत आलेले कोणी मला आठवत नाही.

आपली मोजणी आपण करण्याची परंपरा या शहरात आहे, हे इथल्या तरुण कार्यकर्त्यांनी विसरू नये. 1985मध्ये भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना झाली, ती ‘स्पार्क’ संस्थेने तिथल्याच लोकांना बरोबर घेऊन केली. फुटपाथवरची माणसे कालपरवा आलेली आणि उद्या जाणारी आहेत, असा सगळ्यांचा समज होता. गणनेतून दिसले की ती वर्षानुवर्षे इथेच राहून या शहराची कामे करत होती. पुढे रेल्वेकडेच्या वस्त्यांतही लोकांच्या संघटनांनी घरोघरी नोंदी केल्या आणि पुनर्वसनाच्या वेळी त्या नोंदी कामी आल्या. ती गणना विश्वासार्ह ठरली कारण शेजारणीला माहीत होते की कोणत्या झोपडीत खरोखर कोण राहते.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नावर येतो. सोडून गेलेली कुटुंबे सापडत नाहीत असे संस्था म्हणतात, कारण त्या फक्त पटावरच्या मोबाइल क्रमांकावर फोन लावतात आणि क्रमांक बंद असतो. वस्तीत विचारले तर पत्ता लागतो. खोलीच्या एजंटला माहीत असते. ज्या बायकांबरोबर तिची भिशी होती त्यांना माहीत असते, कारण हप्ते राहिलेले असतात. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत नाव असते आणि कुटुंब नालासोपाऱ्याला गेले की मुंब्र्याला, हे त्याने विचारून ठेवलेले असते. तुमच्या मूल्यमापनात वस्तीतल्या दोन-तीन बायकांना या शोधासाठी रीतसर मानधन देऊन नेमा. फुकट राबवून घेऊ नका. बाहेरून येणाऱ्या पाहणीवाल्यांना पैसे मिळतात, तर ज्यांच्या ओळखीवर काम होणार त्यांनाही मिळाले पाहिजेत.

समुपदेशन_केंद्र

कौटुंबिक हिंसाचाराच्या क्षेत्रात काम करते म्हणून एका गंभीर धोक्याकडे लक्ष वेधते. मानखुर्दकर यांनी सांगितलेला शोधाचा मार्ग बालवाडीच्या कुटुंबांसाठी योग्य आहे, परंतु समुपदेशन केंद्रात आलेल्या स्त्रियांसाठी तो कदापि वापरू नये. जी स्त्री नवऱ्याला न सांगता घर सोडून गेली आहे तिचा पत्ता किराणा दुकानात आणि भिशीत विचारणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे आहे. ‘आपण आमच्या केंद्रात येत होता, सेवेबद्दल समाधानी आहात का’ असा फोन लावला आणि तो सासूने उचलला, तर त्या घरात रात्री काय होईल हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

1984मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या यंत्रणेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसवण्याचा तो प्रयोग पुढे राज्यभर पसरला. या क्षेत्रात जुना वाद आहे तो यश कशाला म्हणायचे याचा. आलेल्या तक्रारींपैकी किती प्रकरणांत ‘समेट’ झाला, हा आकडा निधी देणाऱ्यांना फार आवडतो. पण समेट म्हणजे काही वेळा दमून माघार घेणेही असते. 26 ऑक्टोबर 2006पासून कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा लागू झाल्यावर स्त्रीला त्याच घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश आणि निर्वाह यांची मागणी करता येते. म्हणून ती एकत्र राहिली की वेगळी झाली, यावरून काहीच ठरत नाही. आम्ही पहिल्या भेटीत तिला विचारतो की तुम्हाला काय हवे आहे, आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो. कोणी म्हणते मारणे थांबावे, कोणी म्हणते मुलीची शाळा चालू राहावी, कोणी म्हणते माझे दागिने परत मिळावेत. पुढच्या भेटींत त्या उत्तराला धरूनच पाहायचे असते. तिचे म्हणणे मध्ये बदलले तर तेही लिहायचे असते.

पुढे संपर्क साधायचा की नाही, कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी आणि स्वतःची ओळख काय सांगून, याची परवानगी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवायला हवी. ज्यांची अशी परवानगी नाही त्यांना शोधायला जाऊ नये, मग मूल्यमापन अपुरे राहिले तरी चालेल.

कुर्ला_पश्चिम

समुपदेशन केंद्राबद्दल आपण लिहिले ते अत्यंत महत्त्वाचे आहे. आमच्या नोंदींत अशी परवानगी घेतलेली नाही, म्हणून तो भाग या मूल्यमापनातून वेगळा काढावा असे मी कळवणार आहे. पहिल्या भेटीचा नमुना आधी बदलू आणि पुढचे नंतर पाहू.

नमुनापाहणी यांना एक प्रश्न आहे. सोडून गेलेल्या सगळ्यांना गाठणे शक्य होणार नाही. मग जे सापडणार नाहीत त्यांचे काय धरायचे?

नमुनापाहणी

सर्वांना शोधायला जाऊ नका. पहिल्या दिवशीच्या नोंदणी-यादीतूनच नमुना काढा, म्हणजे पुढे टिकलेले आणि गळालेले दोघेही त्यात आपोआप येतील. गळालेल्यांमधून एक लहान नमुना चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्या मोजक्या घरांचा कसून शोध घ्या. शंभर घरांना एकेक फोन करून सोडून देण्यापेक्षा वीस घरांपर्यंत खरोखर पोहोचणे अधिक उपयोगाचे असते. एवढे करूनही जी घरे मिळणार नाहीत, त्यांच्या मुलांना काहीच फायदा झाला नाही असे धरून एकदा हिशेब मांडा. तसे धरूनही कार्यक्रमाचा लाभ दिसत असेल, तर तो निष्कर्ष सहज खोडता येणार नाही. दिसत नसेल, तर अहवालात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे.

मापन कधी करता, यालाही तितकेच महत्त्व आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास मुंबई आणि वडोदरा इथल्या शाळांमध्ये झाला होता. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळात बाजूला घेऊन वाचन आणि गणित शिकवत असे. तो शोधनिबंध 2007मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे 2019मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसऱ्या वर्षाअखेर मुलांच्या गुणांत 0.28 प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) भर दिसली, आणि तीही प्रामुख्याने बालसखीकडे गेलेल्या मुलांमध्ये. उपक्रम संपून वर्ष झाल्यावर ती 0.1च्या आसपास उरली. म्हणजे उपक्रम चालू असताना मोजणारा एक बोलेल, वर्षानंतर मोजणारा दुसरे बोलेल, आणि दोघेही खरे बोलत असतील. तुमच्याकडे बालवाडी सोडून पहिलीत गेलेली मुले आहेत. त्यांच्या शाळेत जाऊन पाहणे मला तुमच्या वजन-उंचीइतकेच आवश्यक वाटते.

कुर्ला_पश्चिम

सर्वांची मनापासून आभारी आहे. कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार केला आहे. नमुना पहिल्या नोंदणी-यादीतून काढावा, गोवंडीतल्याच एखाद्या बालवाडी नसलेल्या गल्लीची तुलनेसाठी निवड करावी, शोधकामासाठी वस्तीतल्या बायकांना मानधनाची तरतूद असावी, आणि अहवाल कंपनीकडे जाण्यापूर्वी त्याचे मराठी आणि हिंदी वाचन वस्तीत व्हावे, असे त्यात लिहिले आहे. तुलनेच्या गल्लीबद्दल विश्वस्तांमध्ये मतभेद आहेत, कारण तिथल्या मुलांना मोजायचे आणि काहीच न देता निघून जायचे हे काहींना पटत नाही. माझेही मन त्याला धजत नाही. म्हणून मोजणीत तीव्र कुपोषित आढळलेल्या प्रत्येक मुलाला, ते कोणत्याही गल्लीतले असो, त्याच दिवशी उपचारासाठी पाठवण्याची जबाबदारी पाहणी करणाऱ्यांवर टाकणारे कलम घालते आहे. त्यामुळे आकड्यांची तुलना थोडी बिघडेल, हे मान्य आहे.

नमुनापाहणी

बिघडू द्या. कोणत्या मुलांना पाठवले याची नोंद ठेवा, म्हणजे हिशेबात ती वेगळी दाखवता येतील.

रोजवही

मोजणी एप्रिल-मे महिन्यांत ठेवू नका, निम्मी वस्ती गावी असते आणि तुमची गळती उगाच फुगेल. गणपतीचे आणि छठपूजेचे दिवसही टाळा. दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करा आणि घरभेटी सकाळी पाणी भरून झाल्यावर ठेवा. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येते, हे तुमच्या सेविकेला विचारून आधीच कागदावर लिहून घ्या.